१६ तास पालथं

फुप्फुसं निकामी होत चाललेल्या रुग्णाला पालथं घालायला ना नवं औषध लागतं, ना नवं यंत्र. पाच-सात माणसं लागतात, दोन चादरी, चार उशा, आणि कधी घालायचं व किती वेळ ठेवायचं याचा ठाम निर्णय लागतो. एवढ्यावर मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आणता येतं, हे २०१३ साली एका फ्रेंच चाचणीने दाखवून दिलं. अतिदक्षता विभागात इतका घसघशीत फायदा सिद्ध झालेले उपाय हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरीही २०१४ च्या हिवाळ्यात ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंची पाहणी झाली, तेव्हा सर्वांत गंभीर गटातल्या रुग्णांपैकीसुद्धा जेमतेम १६ टक्क्यांना पालथं घातल्याचं आढळलं. बाकीचे उताणेच होते.

याच सुमारास एक्मो नावाचं यंत्र मोठ्या रुग्णालयांत रुळत होतं. शरीरातलं रक्त बाहेर काढायचं, कृत्रिम पडद्यातून फिरवून त्यात ऑक्सिजन भरायचा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि रक्त परत आत सोडायचं. फुप्फुसाचं काम यंत्रच करणार असेल, तर रुग्ण उताणा आहे की पालथा याने काय फरक पडतो? आणि फरक पडत असेल, तर एवढ्या नळ्या लावलेल्या माणसाला उलटवण्याची जोखीम घ्यावी का? गेली दहा-बारा वर्षं अतिदक्षता वैद्यकात हा वाद चालू आहे. त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी हाती आलं आहे, आणि ते अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं.

आधी आजाराविषयी. अॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून तो वैद्यकाच्या नकाशावर आला. आज आपण त्याला एआरडीएस म्हणतो. न्यूमोनिया असो, सेप्सिस असो, स्वादुपिंडाचा दाह असो की अपघातातली मोठी दुखापत, शेवट एकाच ठिकाणी होतो. फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि हवेच्या जागी पाणी आणि प्रथिनं साचतात. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो आणि मलेरियाचे रुग्णही याच वाटेने व्हेंटिलेटरवर पोचतात. गंभीरपणा मोजायची रीत सोपी आहे. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि रुग्ण जी हवा ओढतोय तिच्यातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचा. निरोगी माणसात हे गुणोत्तर साडेचारशेच्या आसपास असतं. २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे ते ३०० किंवा त्याखाली गेलं की एआरडीएस, आणि १०० किंवा त्याखाली गेलं की गंभीर एआरडीएस. पालथं घालण्याच्या बाबतीत मात्र १५० हा आकडा लक्षात ठेवायचा.

उताण्या माणसाच्या फुप्फुसाचं काय होतं, हे मिलानच्या लुचानो गॅट्टिनोनी यांनी १९८० च्या दशकात सीटी स्कॅनवर दाखवलं. साध्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं सारखीच पांढरी दिसत. सीटीत दिसलं की पुढचा भाग, म्हणजे छातीच्या बाजूचा, अजून हवेने भरलेला आहे आणि पाठीकडचा भाग मिटून घट्ट झालेला आहे. ओल्या स्पंजसारखं ते फुप्फुस स्वतःच्याच वजनाने खाली दबतं, अशी उपमा त्यांनी दिली. चालू राहिलेला भाग एवढा लहान असतो की मोठ्या माणसाच्या छातीत जणू पाच-सहा वर्षांच्या मुलाचं फुप्फुस उरलं आहे. त्यावरूनच ‘बेबी लंग’ हा शब्द रूढ झाला. व्हेंटिलेटरची सगळी हवा त्या चिमुकल्या भागात कोंबली जाते आणि तोही ताणून फाटायला लागतो. म्हणजे यंत्र जीव वाचवतं आणि इजाही करतं. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत श्वासाचं आकारमान दर किलोला १२ मिलिलिटरवरून ६ वर आणलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर उतरलं. यंत्राची इजा कमी केली तर माणसं जगतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. पालथं घालण्याचा अर्थही याच पुराव्याच्या उजेडात लावावा लागतो.

पालथं घातलं की तीन-चार गोष्टी एकदम बदलतात. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. तो वर येतो आणि त्याच्यावरचा भार उतरतो. हृदय उताण्या स्थितीत डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर रेललेलं असतं. पालथं झाल्यावर ते छातीच्या हाडाकडे टेकतं. छातीची पुढची भिंत लवचीक असते. ती गादीवर दाबली गेली की हवा सहज पुढे पळत नाही, सगळीकडे वाटली जाते. रक्ताचा ओघ मात्र पालथं झाल्यावरही बराचसा पाठीकडच्या भागातच राहतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांची रचनाच तशी आहे. त्यामुळे जिथे रक्त पोचतंय तिथे आता हवाही पोचते आणि ऑक्सिजन वाढतो. कित्येक रुग्णांत पहिल्या तासाभरातच मॉनिटरवर फरक दिसतो.

हा मॉनिटरवरचा फरकच पुढे अनेक वर्षं सगळ्यांना चकवत राहिला.

पालथं घालावं असं कॅनडाचे ब्रायन यांनी १९७४ मध्ये सुचवलं. १९७६ मध्ये पील आणि ब्राउन यांनी पाच रुग्णांवर ते करून दाखवलं. मोठ्या गोल चौकटीत फिरणारी एक खाट तेव्हा मिळायची, तिच्यावर. पाचही जणांचा ऑक्सिजन वाढला. पुढची वीस-पंचवीस वर्षं असेच लहान लहान अहवाल येत राहिले आणि प्रत्येकात ऑक्सिजन वाढलेला. मग २००१ मध्ये गॅट्टिनोनी यांच्याच गटाने ३०४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. ऑक्सिजन वाढला होता, मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. २००४ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद गेरँ यांनी ७९१ रुग्णांवर तेच केलं, आणि निकालही तोच लागला. २००९ मध्ये इटली आणि स्पेनमधली ३४२ रुग्णांची चाचणी आली. तिच्यातही २८ दिवसांनंतरच्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. एखादा उपाय इथेच फायलीत बंद झाला असता.

गेरँ यांनी तो बंद होऊ दिला नाही. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपलीच चाचणी फसल्यावर माणसं सहसा विषय बदलतात. जुन्या चाचण्यांतल्या उणिवा एकेक करून बघितल्या तर चित्र स्पष्ट होतं. २००१ च्या चाचणीत रुग्ण दिवसाला सरासरी सात तास पालथे होते आणि २००४ च्या चाचणीत आठच्या आसपास, म्हणजे दिवसाचे सोळा तास फुप्फुस पुन्हा उताणंच. श्वासाचं आकारमानही आजच्या मानाने मोठं होतं. आणि सौम्य आजाराचे रुग्णही त्यांत मिसळलेले होते, ज्यांना या उपायाची गरजच नव्हती. स्पेनमध्ये मान्सेबो यांनी २००६ मध्ये १३६ रुग्णांना रोज १७ तास पालथं ठेवलं होतं. तिथे मृत्यू कमी दिसले, पण आकडा लहान असल्यामुळे खात्रीने काही म्हणता आलं नाही.

प्रोसेव्हा या चाचणीत गेरँ यांनी हे सगळे धागे एकत्र आणले. गुणोत्तर १५० च्या खाली असेल तरच रुग्ण घ्यायचा. व्हेंटिलेटरवर घेतल्यानंतर १२ ते २४ तास स्थिरावू द्यायचं, त्यानंतरही आजार तेवढाच गंभीर असेल तर लगेच पालथं करायचं. एका वेळी किमान १६ तास ठेवायचं. श्वास लहान ठेवायचे. फ्रान्समधल्या २६ आणि स्पेनमधल्या एका आयसीयूत मिळून ४६६ रुग्ण झाले. २८ दिवसांनी उताण्या गटात ३२.८ टक्के मृत्यू आणि पालथ्या गटात १६ टक्के. ९० दिवसांनी ४१ विरुद्ध २३.६. आकडे इतके मोठे होते की काहींनी शंकेने बघितलं. पण त्यानंतरच्या एकत्रित विश्लेषणांनी दिशा तीच दाखवली, आणि आज अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञ संस्था मध्यम-गंभीर एआरडीएसमध्ये दीर्घकाळ पालथं ठेवण्याची जोरकस शिफारस करतात.

याच चाचणीच्या आकड्यांचं नंतर पुन्हा विश्लेषण झालं आणि एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ज्यांचा ऑक्सिजन पालथं केल्यावर वाढला तेच जगले, असं नव्हतं. ज्यांचा फारसा वाढला नाही त्यांनाही फायदा झाला होता. याचा अर्थ जीव वाचतो तो मुख्यतः हवा सारखी वाटली गेल्यामुळे, फुप्फुसाची फाडाफाड कमी झाल्यामुळे. ‘दोन तास पालथं घातलं, सॅच्युरेशन काही वाढलं नाही, म्हणून परत सरळ केलं’ असं आयसीयूत अजूनही ऐकू येतं. वाचणाऱ्याने हे वाक्य ऐकलं तर समजावं की तिथे हा उपाय नीट समजून केला जात नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं करतात ते जवळून बघू, कारण एक्मोचा गुंता इथूनच कळतो. डोक्याशी अनुभवी भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूचा डॉक्टर उभा राहतो. श्वासनळीतली ट्यूब त्याच्या हातात आणि हुकूमही त्याचाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन किंवा तीन-तीन माणसं: सिस्टर, ब्रदर, फिजिओथेरपिस्ट, मामा. नाकातल्या नळीतून चाललेलं फीड आधीच थांबवलेलं असतं आणि पोट रिकामं करून घेतलेलं असतं. ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचतात. डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीने मिटतात. छातीवरचे ईसीजीचे ठिपके काढतात, ते पाठीवर लागणार असतात. रुग्णाखाली एक चादर असते, वरून दुसरी टाकतात आणि दोन्हींच्या कडा एकत्र गुंडाळून घट्ट धरतात. आधी त्याला व्हेंटिलेटरच्या विरुद्ध बाजूला, पलंगाच्या कडेपर्यंत सरकवतात. मग आकडे मोजून कुशीवर. इथे क्षणभर थांबायचं. ट्यूब जागेवर आहे ना, सेंट्रल लाइन ताणली गेली नाही ना, मॉनिटर काय म्हणतोय? मग पूर्ण पालथा. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट शक्यतो मोकळं. मान एका बाजूला वळवलेली, त्या बाजूचा हात वर आणि दुसरा खाली, पोहणाऱ्यासारखा. पलंग डोक्याकडून थोडा उंच. दर दोन ते चार तासांनी मान आणि हात बदलायचे. हे शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कारण हनुवटी, गाल, कपाळ, छाती आणि गुडघे इथे दाबाच्या जखमा होतात, आणि हात फार वर ताणून राहिला तर खांद्यातल्या नसा दुखावतात. कोविडमध्ये बऱ्या झालेल्या काही रुग्णांचा हात महिनोन् महिने उचलत नव्हता, तो याच कारणाने.

प्रोसेव्हात सहभागी झालेल्या आयसीयूंना हे काम पाच वर्षांहून अधिक काळ अंगवळणी पडलेलं होतं. तिथे मृत्यू १६ टक्क्यांवर आले, त्यात त्या सवयीचा वाटा किती, हे कोणी वेगळं मोजलेलं नाही. पण नवख्या ठिकाणी तोच आकडा लगेच मिळेल असं धरून चालू नये.

मोडलेला आणि स्थिर नसलेला मणका, मेंदूतला वाढलेला दाब, नुकतीच उघडलेली छाती यांत पालथं घालत नाहीत किंवा फार विचार करून घालतात. लठ्ठपणा मात्र आड येत नाही, माणसं जास्त लागतात इतकंच.

एक्मोवरच्या रुग्णाला पालथं घालताना या सगळ्यात दोन जाड नळ्यांची भर पडते. फुप्फुसासाठीच्या एक्मोत साधारणपणे जांघेतल्या शिरेतून रक्त बाहेर येतं आणि मानेतल्या शिरेतून परत जातं. बाहेर काढणाऱ्या नळीचा व्यास आठ मिलिमीटरच्या आसपास असू शकतो आणि तिच्यातून मिनिटाला चार-पाच लिटर रक्त वाहतं. म्हणजे प्रौढ माणसाचं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला शरीराबाहेर जाऊन येतं. उलटवताना नळी निसटली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून इथे परफ्युजनिस्ट किंवा एक्मोचा प्रशिक्षित माणूस फक्त नळ्या धरायला असतो, त्याने दुसरं काही करायचं नाही. उलटवण्याआधी नळ्या टाक्यांनी आणि पट्ट्यांनी पक्क्या केल्यात का ते तो तपासतो. पालथं झाल्यावर जांघेतली नळी दुमडली जाऊ नये म्हणून कमरेखालचा आधार नीट बसवावा लागतो. पोटावर दाब आला किंवा शिरेत रक्त कमी पडलं की नळी थरथरायला लागते. ती थरथर नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि पंपाचे फेरे तेव्हाच कमी करावे लागतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालूच असतं. त्यामुळे नळीच्या तोंडाशी, नाकातून आणि दाबाच्या जखमांतून रक्तस्रावाची भीती जास्त.

एक्मोचा इतिहासही चढउतारांचा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड हिल यांनी अपघातात सापडलेल्या २४ वर्षांच्या तरुणाला एक्मोवर ठेवून वाचवलं. १९७९ च्या ९० रुग्णांच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत दहातले नऊ दगावले, आणि मोठ्या माणसांसाठीचा एक्मो जवळजवळ संपला. बार्टलेट यांनी तो नवजात बालकांत जिवंत ठेवला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आणि ब्रिटनमधली सीझर चाचणी एकाच वर्षी आली आणि एक्मो परतला. आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचला तो आधी डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांच्या आजारपणात, पण तो हृदयासाठीचा एक्मो होता, आणि नंतर २०२० मध्ये चेन्नईत एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या कोविडमध्ये.

२०१८ ची इओलिया चाचणी या विषयात निर्णायक मानली जाते. २४९ अतिगंभीर रुग्ण होते. ६० दिवसांत एक्मो गटात ३५ टक्के दगावले आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात कमी पडला. दुसऱ्या गटातल्या २८ टक्के रुग्णांना शेवटी जीव वाचवण्यासाठी एक्मोवर घ्यावंच लागलं, त्यामुळे निकालाचं वाचन आणखी अवघड झालं. आपल्या प्रश्नापुरती यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्या दुसऱ्या गटातल्या ९० टक्के रुग्णांना पालथं घालण्यात आलं होतं. म्हणजे एक्मोची तुलना झाली ती पालथं घालण्यासह नीट केलेल्या व्हेंटिलेटर उपचारांशी. त्यामुळे पालथं न घालताच एक्मोकडे धाव घेणाऱ्याला इओलियाचा दाखला देता येणार नाही.

एक्मोवर असताना पालथं घालावं का, यावर आधी फ्रान्स आणि इटलीतून जुन्या नोंदींचे अभ्यास आले. बहुतेकांत पालथं घातलेले रुग्ण जास्त जगलेले दिसले, काहींत फरक मोठा होता. अनेक केंद्रांनी त्यावरून हा नित्याचा उपाय केला. पण अशा अभ्यासांत एक फसवा दोष असतो. एक्मोवर दुसऱ्या दिवशीच दगावलेल्या रुग्णाला पालथं घालायची वेळच येत नाही, तो आपोआप ‘पालथं न घातलेल्या’ गटात मोजला जातो. आणि ज्याचा रक्तदाब टिकत नाही, ज्याला रक्तस्राव होतोय, त्याला उलटवण्याचं धाडस कोणी करत नाही. मग पालथ्या गटात निवडक, थोडे बरे रुग्ण उरतात. आकडे कितीही जुळवून घेतले तरी हा दोष पुरता जात नाही.

म्हणून पॅरिसच्या मातिए श्मिट आणि अलँ कोम्ब यांच्या गटाने सरळ चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. ती २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. फ्रान्समधले १४ आयसीयू, १७० रुग्ण, जवळजवळ सगळे कोविडचे. एका गटाला एक्मोवर असताना किमान चार वेळा, प्रत्येक वेळी किमान १६ तास पालथं घातलं. ६० दिवसांत एक्मो यशस्वीपणे निघालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४४ टक्के. ९० दिवसांनंतरचे मृत्यू पालथ्या गटात ५१ टक्के आणि उताण्या गटात ४८. फरक नाहीच. उलटवताना मोठा अपघात झाला नाही, ही त्यातली चांगली बातमी.

हा निकाल मला पटतो, आणि त्यामागचं कारण फुप्फुसातच सापडतं. पालथं घालून आपण व्हेंटिलेटरची इजा कमी करतो. एक्मोवर रक्तातला ऑक्सिजन यंत्र भरतं, त्यामुळे व्हेंटिलेटर जवळजवळ बंद केल्यासारखाच असतो: श्वास लहान, दाब कमी, गती मिनिटाला दहाच्या आसपास. इजाच एवढी कमी झालेली असताना ती आणखी कमी करून मिळणार तरी किती? शिवाय बहुतेक रुग्णांना एक्मोआधीच पालथं घालून झालेलं होतं. ज्याचं फुप्फुस पालथं घालून उघडायचं ते आधीच उघडलं, ज्याचं उघडलं नाही तोच यंत्रावर आला. कोविडमधली कित्येक फुप्फुसं एक्मोपर्यंत पोचता पोचता जखमेच्या व्रणासारखी घट्ट झाली होती, ही गोष्टही आहेच. म्हणून हा निकाल कोविडबाहेरच्या ताज्या न्यूमोनियाला जसाच्या तसा लावणं घाईचं ठरेल. माझं मत असं की एक्मोवर सरसकट पालथं घालणं सोडून द्यावं. मात्र सीटीत पाठीकडचा भाग मिटलेला दिसत असेल, किंवा एक्मो पूर्ण चालूनही ऑक्सिजन पुरत नसेल, तर सरावलेल्या चमूने ते जरूर करावं.

बाकीच्या स्थितींबद्दल थोडक्यात. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवा, हा आयसीयूतला पाठ केलेला नियम. त्याचा आधार बार्सिलोनातला १९९९ चा ८६ रुग्णांचा अभ्यास, ज्यात न्यूमोनिया २३ टक्क्यांवरून ५ वर आला. पुढे नेदरलँड्समध्ये ४५ अंश ठेवायचं ठरवून मोजलं, तेव्हा प्रत्यक्षात सरासरी २८ अंशच भरला. रुग्ण घसरतो, कोणी पलंग खाली करतं आणि वर करायचं राहून जातं. कोविडनंतर तर असंही दिसतंय की काही घट्ट फुप्फुसांत पलंग सपाट केल्यावर छातीतला दाब कमी होतो. म्हणजे हा नियमही डोळे मिटून पाळायचा नाही. एकाच बाजूचं फुप्फुस बिघडलं असेल तर चांगली बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवतात, कारण रक्त खालच्या फुप्फुसाकडे जास्त जातं. तान्ह्या बाळांत मात्र याच्या उलट, चांगली बाजू वर.

शुद्धीवर असलेल्या, ट्यूब न टाकलेल्या रुग्णाने स्वतःहून पालथं झोपणं ही कोविडची देणगी. सहा देशांतल्या एकत्रित चाचणीत २०२१ मध्ये ११०० हून अधिक रुग्ण होते. ट्यूब टाकावी लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४० वर आलं. फरक पडला तो मुख्यतः ट्यूब टळण्यात. दिवसाला आठ तासांच्या वर जे पालथे राहू शकले त्यांना फायदा जास्त झाला, पण जाग्या माणसाला आठ तास पालथं राहायला सांगून बघा! मान आखडते, पाठ भरून येते, पाणी प्यायचं म्हटलं तर सगळं उलटंपालटं.

महाराष्ट्राने हा उपाय पाहिला तो एप्रिल २०२१ मध्ये. २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. खाटेसाठी रांगा होत्या, सिलिंडरसाठी फोन चालू होते. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी पालथं झोपण्याची चित्रमय सूचना काढली: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली. सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तर. जेवणानंतर तासभर नाही, गरोदरपणात नाही. व्हॉट्सअॅपवर ती घरोघर फिरली. खाट मिळेपर्यंत वेळ काढायला ती उपयोगी पडली असणार. पण व्हेंटिलेटरवरच्या १६ तासांचा पुरावा या घरच्या अर्ध्या-एक तासाला लागू नाही, हे तेव्हा कोणी सांगत नव्हतं.

जिल्हा रुग्णालयाच्या दृष्टीने २०१६ सालची आणखी एक सुधारणा महत्त्वाची. रवांडातल्या किगालीमध्ये संशोधकांनी दाखवलं की धमनीतलं रक्त तपासायची सोय नसली तरी बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरवरून एआरडीएस ओळखता येतो. अलीकडच्या जागतिक व्याख्येने ते मान्य केलं आहे. म्हणजे एबीजीचं मशीन बंद आहे ही सबब आता चालणार नाही. व्हेंटिलेटर असेल आणि पाच माणसं शिकवली असतील, तर मोठ्या शहराकडे रुग्णवाहिका निघण्याआधीच पालथं घालता येतं.

एक्मोचा खर्च लाखांच्या भाषेत बोलला जातो. त्यासाठी नातेवाइकांना दागिने मोडताना आणि समाजमाध्यमांवर मदत मागताना आपण पाहतो. ‘एक्मोशिवाय पर्याय नाही’ असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर सही करण्याआधी शांतपणे तीन गोष्टी विचारा. पालथं घातलं का, पहिल्यांदा कधी घातलं, आणि एका वेळी किती तास ठेवलं? न घालण्याचं कारण असेल तर चांगला डॉक्टर ते दोन वाक्यांत सांगेल. आणि पालथ्या रुग्णाला भेटायला गेलात, तर चेहरा सुजलेला, ओळखू न येण्याइतका बदललेला दिसेल, डोळ्यांवर पट्ट्या असतील. घाबरू नका. सरळ केल्यावर ती सूज एक-दोन दिवसांत उतरते. तेवढ्यात मान शेवटची कधी वळवली हे सिस्टरांना विचारलंत, तर त्याचा त्यांना राग येणार नाही.